घासून बसेल म्हणे!

ऑटोमॅटिक गाडीला हाताचा गिअरबॉक्स बसवायचा म्हणून जुना क्लच सेट घेतला. त्यातल्या प्लेटचा 24 दात्यांचा हब (मधलं दातेरी भोक) गिअरबॉक्सच्या 21 दात्यांच्या इनपुट शाफ्टवर (क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्यावर) चढत नाही असं कळवलं, तर विक्रेत्याचं उत्तर काय? "थोडं घासा, बसेल."

काय घासा? कानस घेऊन 3 दाते उडवायचे आणि उरलेले काय आपापसात सरकून घेणार, बाकावर चौथ्याला जागा द्यावी तसे? स्प्लाईन आहे ती, दात्यांत दाते बसवणारा जोड, दाराची कडी नव्हे. घेण्याआधी तीनच गोष्टी विचारल्या होत्या: दाते किती, शाफ्टचा व्यास किती, प्लेटचा बाहेरचा व्यास किती. तिन्हींना मिळून एकच उत्तर आलं, "कम्प्लीट सेट, ऑल ओके." हे "ऑल ओके" ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याच्या गाडीचा क्लच भर चढावर घसरो.

क्लच प्लेट म्हणजे दोन घरांची सोयरीक. बाहेरचा व्यास इंजिनाकडचा, म्हणजे फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट त्यावर दाबून धरते ती) यांच्या घरचा, दाते गिअरबॉक्सच्या घरचे. इंजिन एकाचं नि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असला की दोन्हीकडे मोजावं लागतं. पण मोजायला व्हर्नियर लागतो, आणि दाते मोजायला एक बोट. तेवढंही बोट उचलवत नाही?

बरं, त्या "कम्प्लीट"मध्ये क्लच फोर्क (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा दुबेळका दांडा) नाही. फोर्क ज्यावर झुलतो तो गोळा नाही, त्याची क्लिप नाही, रबरी बूट नाही. फ्लायव्हीलच्या डॉवेल पिना उपटलेल्या, म्हणजे प्रेशर प्लेट मधोमध बसवायची ती अंदाजाने. नेमक्या याच वस्तू सुट्या शोधताना नाकी नऊ येतात, आणि नेमक्या याच भंगारात जातात.

प्रेशर प्लेट इम्पॅक्ट गनने काढलेली असणार, ते बघताच कळतं. एक बोल्ट पूर्ण बाहेर, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. आतली स्प्रिंग एका बाजूने उसळते आणि कव्हर वाकतं. समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सोडत गेलं तर काय बिघडतं? आता स्प्रिंगची बोटं एका पातळीत नाहीत, म्हणजे गाडी जागेवरून निघताना थरथर ठरलेली.

फ्लायव्हील मात्र चकचकीत! हातातल्या ग्राइंडरने तापून पडलेले निळे डाग पुसले की झालं काम. वर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर खालून लाटा. पायरीवालं फ्लायव्हील (घासायचा भाग आणि बोल्टची कड वेगवेगळ्या पातळीवर) असेल तर आणखी मजा: घासायचा भाग लेथवर उतरवतात, बोल्टची पायरी तशीच सोडतात. मग प्रेशर प्लेटची पकड ढिली, क्लच घसरतो, आणि शिव्या कोणाला? नव्या प्लेटला.

सोबत "फ्री" म्हणून दिलेले बोल्ट ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते त्या पातळ फ्लेक्सप्लेटचे. आखूड. फ्लायव्हीलच्या जाडीतच संपतात, क्रँकमध्ये (इंजिनाच्या मुख्य दांड्यात) जेमतेम दोन-चार आटे धरतात. हे देणाऱ्याला त्याच गाडीत बसवून फिरवावं. पायलट बेअरिंगबद्दल विचारलं तर "ते काय असतं?" क्रँकच्या टोकाला ते नसलं की इनपुट शाफ्टचं नाक लोंबकळतं, क्लच पूर्ण सुटत नाही आणि प्रत्येक गिअर किरकिरत पडतो. तेच असतं, दादा.

हायड्रॉलिक पाइपला तर सरळ करवत. "नवा टाका की." आणि पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर म्हणे कुठलाही चालतो. चालतो ना! स्लेव्हचा (फोर्क ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, मोठा आणि मास्टरचा लहान असला की पेडल जमिनीला टेकतं आणि फोर्क जागचा हलत नाही. उलटं केलं तर मांडीचा व्यायाम.

आणि हा सगळा आटापिटा कशासाठी? आपसूक गिअर बदलणारी चांगली चालती गाडी होती. डाव्या पायाचं सुख बघवलं नाही. प्लेट, रिलीज बेअरिंग (फोर्क स्प्रिंगच्या बोटांवर ढकलतो ते) आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्यायचे. जुन्यात बघायचं ते फ्लायव्हील, फोर्क, पेडल आणि बारीकसारीक. हे चार जणांना ऐकवणारे आपणच. "अख्खा सेट स्वस्तात" दिसलं की पहिला हात वर करणारेही आपणच. प्लेटच्या रिव्हेटच्या डोक्यावर 0.3 मिमी पण अस्तर उरलेलं नाही हे फोटोत दिसत होतं की! सावली समजून सोडून दिलं.

आता दुसऱ्या विक्रेत्याला पहिलाच प्रश्न दात्यांचा. त्याने फोटो पाठवलाय, खाली लिहिलंय, "मोजून घ्या." प्लेट हातात धरलेली आहे. हबच्या बरोबर मधोमध त्याचा अंगठा.