'एक्सेल येतं, मग डेटाबेस कशाला?' या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या एक मेसेज खूप फॉरवर्ड होतोय: 'एक्सेल पक्कं असेल तर डेटाबेस शिकायची गरज नाही. एसक्यूएल प्रोग्रामरांसाठी असतं. त्याला सर्व्हर लागतो, खर्च येतो. आणि आता क्वेरी एआयच लिहून देतो.' (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, क्वेरी म्हणजे त्या भाषेत त्याला विचारलेला प्रश्न.) मुंबईत अकाउंट्स, डिस्पॅच किंवा सोसायटीचं दप्तर सांभाळणारी कितीतरी हुशार माणसं असलं काही वाचून शिकायचा विचार सोडून देतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'एक्सेल पुरतं.' बजेट, चार्ट, एकदाच करायचा हिशेब यांना जरूर पुरतं. तिथं डेटाबेसची खटपट करूच नये. पण बोरिवलीतली शंभरेक फ्लॅटची एखादी सोसायटी घ्या. शीटमध्ये एका ओळीत फ्लॅट, मालक, मोबाइल, पार्किंग, थकबाकी. बी-५०४ नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे. दुसरं नाव कुठे लिहायचं? कोणी त्याच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन लिहितो, कोणी 'मालक २' असा कॉलम काढतो, कोणी अख्खी ओळ पुन्हा लिहितो, मग थकबाकी दोनदा मोजली जाते. व्हीलुकअप, म्हणजे एक्सेलचं माहिती शोधून देणारं सूत्र, पहिली जुळणारी ओळ देऊन थांबतो, दुसरा मालक त्याला दिसतच नाही. 'बी-५०४' आणि 'बी ५०४' त्याच्या लेखी दोन वेगळे फ्लॅट. आणि फ्लॅट नंबर '३-१२' असा टाइप केलात तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. याच सवयीपायी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली.

त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा संपली आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. आजच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. सोसायटीला त्या कधीच कमी पडणार नाहीत. तिची अडचण ओळींच्या संख्येची नाहीच.

अडचण आहे ती एकाच ओळीत तीन गोष्टी कोंबल्याची. फ्लॅट ही एक गोष्ट, सभासद दुसरी, आणि कोणता फ्लॅट कोणाचा ही तिसरी. तीन टेबलं केली की बी-५०४ साठी मालकीच्या टेबलात दोन ओळी येतात, ज्याचे दोन फ्लॅट आहेत त्याच्याही दोन, आणि मोबाइल बदलला तर तो एकाच जागी बदलायचा. फ्लॅट नंबर 'प्रायमरी की' (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) केला की तोच नंबर दुसऱ्यांदा टाकता येत नाही. 'फॉरेन की' (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा दुवा) लावली की नसलेल्या फ्लॅटची मालकी नोंदवता येत नाही. शीटमध्ये हे नियम बहुतेक वेळा खजिनदाराच्या डोक्यात असतात. कमिटी बदलली की तेही जातात.

'प्रोग्रामरांसाठी असतं.' आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं तेच मुळी डेटा आत कसा साठवलाय याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये म्हणून. काय हवं ते सांगायचं, कसं शोधायचं ते डेटाबेस ठरवतो. ज्याला पिव्होट टेबल जमतं त्याला एसक्यूएलमधलं 'ग्रुप बाय', म्हणजे गटवार बेरीज, जड जाणार नाही.

'सर्व्हर, खर्च.' एसक्यूलाइट हा डेटाबेस २००० सालापासून फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतोच. फक्त एक ध्यानात ठेवा: त्यात फॉरेन कीची तपासणी सहसा मुळात बंद असते. तुमच्या साधनात ती चालू आहे ना, हे आधी बघून घ्या.

आता एआय. क्वेरी तो लिहितो, बऱ्याचदा चांगली लिहितो. त्याला म्हणा, 'मालकांच्या नावांसह एकूण थकबाकी दे.' तो तिन्ही टेबलं जोडून बेरीज करील अशी शक्यता आहे. बी-५०४ ची थकबाकी १८,००० असेल, तर दोन मालकांमुळे जोडणीत त्या फ्लॅटच्या दोन ओळी होतात आणि बेरजेत ३६,००० धरले जातात. एरर येत नाही, आकडा मात्र चुकीचा, आणि तोच एजीएमपुढे जातो. टेबलं अशी जोडल्यावर (जॉइन केल्यावर) ओळी का वाढतात हे ज्याला कळतं तो थांबून विचारतो: आधी थकबाकीची बेरीज फक्त फ्लॅटच्या टेबलातून काढली तर किती येते?