बीट ओरिजिनल नाही म्हणे

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि झोप येत नाहीये, कारण आज माझ्या भाच्याला कॉलेजच्या स्पर्धेत बाद केलं. रॅप त्याने स्वतः लिहिलेला, म्हटला स्वतः, बीट, म्हणजे मागे वाजणारं संगीत, रात्र रात्र जागून लॅपटॉपवर बनवलेलं, आणि परीक्षक माईकवरून सांगतात की बीट ओरिजिनल नाही, जुन्या लावणीच्या कॅसेटमधून कापलंय, ही चोरी आहे. सगळ्या हॉलसमोर. चोरी!

त्या कॅसेटवर ढोलकी कोणाची आहे? माझ्या वडिलांची. त्या पोराच्या सख्ख्या आजोबांची. पण परीक्षकांना ते कळणार कुठून, कव्हरवर गायिकेचा फोटो आहे, कंपनीचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'. अण्णा म्हणजे ते साथीदार. पोरगा तिथे एक शब्द बोलला नाही, घरी येऊन बूटसुद्धा न काढता बसून राहिला.

अरे हिप-हॉप, ज्यातून हा रॅप आला ते, जन्मालाच असं आलंय. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, डीजे कूल हर्कच्या बहिणीने ठेवलेली पार्टी. हर्कने बघितलं होतं की गाण्यात बाकी सगळे थांबतात आणि नुसते ड्रम उरतात तेव्हा पब्लिक वेडं होतं, म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या लावून तेवढाच तुकडा लांबवत ठेवायचा. नवीन वाद्य घ्यायला पैसे नसलेल्या वस्तीतल्या पोरांनी रेकॉर्ड प्लेअरचंच वाद्य केलं. ही ओरिजिनॅलिटी नाही तर काय आहे मग?

गेल्या दिवाळीत या पोराने अण्णांच्या कानाला हेडफोन लावला आणि 'आमेन ब्रेक' ऐकवला. द विन्स्टन्स नावाच्या बँडच्या 1969 च्या गाण्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा, वाजवणारा ग्रेगरी कोलमन. एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपपासून कोणाकोणाच्या गाण्यात तो कापून, उलटापालटा करून वापरलाय याची गणती नाही. अण्णांनी चारदा लावायला सांगितला. बोटं मांडीवर चालू. मग म्हणाले, "तिसऱ्यात ठोका मागे ओढला, आणि चौथ्यात सम मोकळी सोडली बघ. हिंमत आहे पोरात." इंग्रजीचा एक शब्द न कळणारा, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांमध्ये आयुष्य काढलेला माणूस, आणि त्याला त्या ड्रमरने नेमकं काय केलंय ते चार वेळा ऐकून कळलं!

भाच्याने तेच केलं. अण्णांच्या एका तोड्यातला जेमतेम एक सेकंद घेतला, निम्म्या लयीत आणला, शेवटची थाप कापून पुढे नेऊन ठेवली आणि सम रिकामी सोडली. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एक रात्र बसून करून दाखवावं. हो, अख्खी चाल जशीच्या तशी उचलून वर चार ओळी बडबडणारे आळशी लोकही आहेत, आहेत, नाही म्हणत नाही.

आणि आपल्याकडे कोण सोवळं आहे सांगा. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून लिहिलेलं असतं, अमक्या पदाची, तमक्या लावणीची. चाली कीर्तनातून घेतल्या, कानडीतून घेतल्या, कोणी चोर म्हटलं नाही. पण बघा ना, ते लोक निदान कुठून घेतलं ते छापत होते.

आणि इथे मला आपल्याच लोकांचा राग येतो, म्हणजे ज्या रॅपवाल्यांची गाणी मी वीस वर्षं ऐकतेय त्यांचा. कारण तो कोलमन, ज्याला अण्णा 'पोरगा' म्हणाले, तो 2006 मध्ये बेघर अवस्थेत गेला. त्या तुकड्याचा एक पैसा त्याला मिळाला नाही. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून 24 हजार पौंड जमवले ते बँडच्या म्होरक्याला मिळाले, कोलमन जाऊन नऊ वर्षं झाली होती. जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, त्याचंही तेच. पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपपासून सगळ्यांनी त्याचा ठेका वापरला पण गाण्यावर नाव ब्राऊनचं.

कोर्टाने काय केलं? 1991 मध्ये अमेरिकेत रॅपर बिझ मार्कीच्या केसमध्ये जजने निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली, आणि तेव्हापासून सॅम्पलला, म्हणजे अशा कापून घेतलेल्या तुकड्याला, परवानगी आणि पैसे लागायला लागले. बरोबरच आहे. पण ते पैसे जातात रेकॉर्डच्या आणि गाण्याच्या मालकाला, ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याला नाही. अण्णांना त्या कॅसेटच्या पैशांचं पाकीट एकदाच मिळालं आणि येताना त्यांनी आम्हाला कलिंगड आणलं होतं, एवढंच मला आठवतं.

2002 ला लतादीदींचा आवाज अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या गाण्यात न विचारता वापरला, डीजे क्विकचं बीट, तेव्हा लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की मूळ गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायची नाही. मला तो निकाल फार आवडतो. नाव घाला! पण त्यात मागे ढोलक वाजवणाऱ्याचं काय हो?

असो. खूप तापून लिहायला बसले होते, आता जरा शांत झालेय. मघाशी पोराने ते गाणं ऑनलाइन टाकायचं ठरवलं आणि खाली 'ढोलकी' लिहून आजोबांचं पूर्ण नाव टाईप केलं. अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "त्या तोड्यात माझ्या मागे हलगी आहे. तिच्याशिवाय तो तोडा उभा राहत नाही. आधी त्या हलगीवाल्याचं नाव घाल."

अण्णांना त्याचं फक्त पहिलं नाव आठवतंय. तो गेला त्यालाही दहा-बारा वर्षं झाली म्हणे. पोराने पोस्ट करायचं थांबवलंय, सकाळी गावाकडे फोन करून आडनाव विचारणार आहोत.