‘पारंपरिक’ म्हणजे कोणाचं?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कडाक्याचं भांडण झालं. जात्यावरच्या ओवीला ड्रमचा ठेका लावून कोणीतरी रील केलं होतं, खाली श्रेय म्हणून एकच शब्द: पारंपरिक. काका म्हणाले, ओवीची विटंबना आहे ही. चुलतभाऊ म्हणाला, लोकगीत सगळ्यांचं, कोणीही गावं. मला ठेक्याचं काही वाटलं नाही. खटकला तो शब्द.

मी अमेरिकेत, टेनेसी राज्यात किंग्सपोर्टला राहतो. जवळच ब्रिस्टल आहे. तिथल्या स्टेट स्ट्रीटच्या एका बाजूला टेनेसी, समोर व्हर्जिनिया. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा निर्माता व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी तिथे रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन आला. पुढे ‘कार्टर फॅमिली’ म्हणून गाजलेले गायक ए. पी. कार्टर, बायको सारा आणि भावजय मेबेल तिथेच पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाले. पीअरची कमाई गाण्यांच्या कॉपीराइटवर, म्हणून आजवर कोणी नोंदवली नाहीत अशी गाणी त्याला सतत हवी असत. ए. पी. ती शोधत डोंगरदऱ्यांतून हिंडायचा.

पुढच्या वर्षापासून त्याच्या जोडीला आला लेस्ली रिडल, कृष्णवर्णीय गिटारवादक. किंग्सपोर्टच्या सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्याचा पाय गेला होता. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात साठवायचा आणि परतल्यावर सारा-मेबेलला ऐकवायचा. मेबेलने त्याच्याकडून गिटारही उचलली. रेकॉर्डवर नाव लागलं ए. पी. कार्टरचं. रिडलचं लागलं नाही, आणि ओसरीवर बसून ज्यांनी गाणी म्हणून दाखवली त्यांचंही नाही. १९६५ मध्ये लोकसंगीतकार माइक सीगरने रिडलला न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला गाठलं, म्हणून एवढं तरी आपल्याला कळलं.

ए. पी.ला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो हिंडला नसता तर कित्येक गाणी म्हाताऱ्या माणसांबरोबरच गेली असती. पण सोबत चार नावं लिहायला काय लागत होतं?

नाव लिहिलं म्हणून गाणं कोणाच्या मालकीचं होत नाही, हे मी चुलतभावाला सांगतोय. व्हर्जिनियात हिल्टन्सला, कार्टर घराण्याच्याच कार्टर फोल्ड या सभागृहात दर शनिवारी कार्यक्रम असतो, लाकडी फरशीवर सत्तरीतली माणसं टाचा आपटत नाचतात. मागे एका बॅन्जोवाल्याने गाण्याआधी, ते शेजारच्या कोणत्या आजीकडून शिकला, तिचं नाव घेतलं. मग अख्खी सभा त्याच्याबरोबर गायली.

आणि आपल्याला हे अमेरिकेकडून शिकायची गरजही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकताना गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव समोर दिसतं.

माझ्याकडे आत्याच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. रविवारी ती संगणकावर उतरवली. फाइलला तिचं नाव दिलं, गावाचं दिलं. या ओव्या तिने सासूकडून घेतलेल्या, पण सासूचं नाव आम्हा भावंडांत कोणालाच सांगता येईना. काकांना फोन केला. ते उद्या गावी जाऊन विचारून येणार आहेत.