रिब मोडत नाही, ताणून पहा

ताई, तुमची कमेंट वाचली, उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. तुमचं म्हणणं दोन गोष्टींवर आहे. उरलेल्या लोकरीच्या टोपीत रंग बदलताना मी अख्खी ओळ सुलट विणायला सांगितली, त्यानं रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांची ती ताणली जाणारी वीण, मोडते आणि नवीन शिकणाऱ्यांना चुकीची सवय लागते, हे एक. अन् विदर्भात 47 डिग्रीत लोकरीची टोपी घालते कोण, हे दुसरं.

दुसरं आधी उरकते. 47 मे महिन्यातलं झालं हो! 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर आला होता. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं असलं की दिवसाची ऊब रात्री टिकतच नाही. आणि शेतीपंपाची लाईन रात्रीची असली की गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी माणूस रात्रीच वावरात जाते, पाय दांडातल्या पाण्यात अन् कानात वारा. दुपट्टा बांधला तर फावडं मारायला वाकलं की सुटते. रिबची टोपी जागची हलत नाही, म्हणून तर एवढा रिबचा आग्रह.

आता मुद्द्याचं. दोन सुलट दोन उलट विणलं की सुलट टाके पुढं येतात, उलट मागं दबतात आणि सगळं विणकाम आडवं आत ओढलं जाते. हा ताण एकावर एक चढत गेलेल्या टाक्यांच्या उभ्या रांगांतून येते, मधात एक ओळ सुलट गेली तर तेवढ्यानं टोपी सैल पडत नाही. पण नव्या रंगाची पहिली ओळ रिबनंच काढली तर उलट टाका खालचा जुना रंग समोर ढकलते, मरूनवर पांढरी लावली तर पांढऱ्या पट्टीच्या बुडाशी मरून ठिपके, पुरळ उठल्यागत. म्हणून रंग बदलायचा तो सुलट बाजूनं, ती एकच ओळ सगळी सुलट, पुढच्या ओळीपासून परत रिब. फक्त दुमडायची पट्टी एकाच रंगात ठेवा, दुमडल्यावर तिची उलटी बाजू बाहेर येते ना.

दोन सुयांवर विणणार असाल तर टाके चारच्या पटीत अधिक दोन घ्या, म्हणजे 8 नंबरच्या सुईवर मी 98 घेते. दोन्ही कडांना दोन-दोन सुलट येतात, शिवताना एकेक आत जाते, उरलेले दोन मिळून रांग पुरी होते अन् शिवण शोधावी लागते.

आणि उरलेली लोकर म्हणून काहीही एकत्र करू नका बरं. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, तिच्यात एखादी पट्टी खऱ्या लोकरीची आली आणि कोणी गरम पाण्यात घासून धुतली तर तेवढी पट्टी आटते, बाकीची टोपी तशीच. पातळ धागा असेल तर दुहेरी घ्या. गाठी नका मारू, कपाळाला टोचतात, टोकं आतून सुईनं ओवून घ्या.