‘ब्रेक ऑइल’ म्हणजे तेल नव्हे

‘ब्रेक पॅड आणि कॅलिपर घरीच अर्ध्या तासात बदला’ हा मेसेज कोल्हापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. (पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवतात; कॅलिपर आपल्या पिस्टननं ते दाबतो.) भाच्यानं तो वाचून पॅड मागवलेसुद्धा, आणि रविवारी त्याला जोतिबाला जायचंय. म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक ओळ आधी: ‘ब्रेक ऑइल कमी पडलं तर घरातलं कुठलंही ऑइल टाका.’ अहो, आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाहीच. ग्लायकॉलपासून बनवलेलं द्रव आहे. त्यात इंजिन ऑइल गेलं की मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की द्रव पुढं ढकलतो तो भाग) कॅलिपरपर्यंतची रबरी सीलं फुगतात. पेडल सोडलं तरी पिस्टन मागे येत नाही, चाक जाम होतं. मग ऑइल बदलून भागत नाही, रबर असलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर त्याचा दर्जा, डॉट ३ की डॉट ४, लिहिलेला असतो. तेच घाला, तेही सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते, आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. अमेरिकेच्या ११६ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकात कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस आहे, पाणी मुरलेल्याचा १५५. गगनबावड्याच्या उतारावर ब्रेक तापले, द्रव उकळलं, की पाय नुसता वाफेवर पडतो, ब्रेक लागत नाही.

मेसेजातली दुसरी ओळ: ‘एअर (ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा) काढायची गरज नाही.’ नुसते पॅड बदलत असाल तर खरं, मान्य करतो. कॅलिपर बदलला म्हणजे लाइन उघडली. एअर काढावीच लागते आणि होजच्या (कॅलिपरला द्रव पोचवणाऱ्या रबरी नळीच्या) बोल्टाचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे लागतात. एअर निघतच नसेल तर कॅलिपरवरचा निप्पल (एअर सोडायचा स्क्रू) बघा. तो वर हवा. खाली आला असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय. हवा वरच अडकते, कितीही बाटल्या ओता.

बाकीचं थोडक्यात. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड लावा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. पिस्टन स्क्रू ड्रायव्हरनं नाही, जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पनं हळूहळू दाबा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. डिस्कला आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला काहीही नको.

आणि मेसेजात नसलेली गोष्ट: गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळं पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा बेतानं ब्रेक लावा, मध्ये थंड होऊ द्या. तोवर जोतिबाचा घाट नको.