फ्लेक्सवरची बंदूक माझ्या बाबांची नाही

परवा बाबांची तेरवी झाली. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर आमच्या फाट्यावर गावातल्या पोरांनी त्यांचा मोठा फ्लेक्स लावला आहे. वर तिरंगा, मागे रणगाडे, बाबांच्या फोटोशेजारी बंदूक रोखलेला जवान आणि खाली 'सीमेवर शत्रूला धूळ चारणारे वीर योद्धे'. पोरांनी वर्गणी काढून मनापासून केलं. त्यांच्या प्रेमाला मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण बाबा असते तर त्याच दिवशी त्यांनी तो उतरवायला लावला असता, म्हणून हे लिहिते आहे.

बाबा फौजेत मेकॅनिक होते. १९६६ साली, अठराव्या वर्षी भरती झाले, सिकंदराबादच्या ईएमई सेंटरला ट्रेनिंग घेतलं. सैन्याच्या गाड्या, तोफा, रणगाडे चालू ठेवणारं हे दल. 'कर्म ही धर्म' हे त्याचं ब्रीद. सतरा वर्षं नोकरी करून १९८३ ला हवालदार म्हणून घरी आले. या सतरा वर्षांत त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. हे ते स्वतः सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

१९७१ च्या लढाईत त्यांचं वर्कशॉप त्रिपुराच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, गेलं. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानं आशुगंजचा मेघना नदीवरचा रेल्वेपूल उडवला. आपल्या फौजेचे जनरल सगतसिंग थांबले नाहीत, त्यांनी हेलिकॉप्टरनं जवान पलीकडे उतरवायला सुरुवात केली. जवान गेले, पण बाबांच्या वर्कशॉपचे ट्रक कसे जाणार? ट्रक अलीकडे राहिले आणि ट्रकांसोबत बाबा. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, तेव्हा ते एका शक्तिमान ट्रकखाली उताणे पडून क्लच प्लेट बदलत होते. कुणीतरी ओरडत बातमी आणली. बाबा बाहेर आले, सगळ्यांच्या गळ्यात पडले, रडले आणि परत ट्रकखाली गेले. गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवलेला होता, तो तसाच सोडता येत नव्हता.

शाळेत १५ ऑगस्टला त्यांना बोलवायचे. पोरं विचारायची, "फौजी आबा, ढाक्याले गेल्ते का तुमी?" बाबा म्हणायचे, "नाही गा. मी अलीकडच्याच काठावर होतो, गाड्यायपाशी." पोरं हिरमुसायची. त्या पोरांत मीही बसलेली असायचे. थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडेल, असं मलाही वाटायचं. एकदा घरी येताना तसं म्हणाले. बाबांनी सायकल थांबवली. "जे पलीकडं गेले अन् वापस नाही आले, त्यायचा हिस्सा मी कसा घेऊ, पोरी?"

त्यानंतर मी कधी ते म्हटलं नाही.

फौजेतून आल्यावर त्यांनी फाट्यावर कडुनिंबाखाली टिनाचं शेड टाकलं. तेव्हा प्रत्येक विहिरीवर वीज पोचलेली नव्हती, पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनावर ओलीत चालायचं. गव्हाला पाणी सुरू असताना इंजिन बसलं की कास्तकार रात्री दोनला आमचं दार वाजवायचा. बाबा उठायचे, पान्यांची पिशवी सायकलला अडकवायचे, निघायचे. बॅटरी धरायला मी मागे बसायचे.

वावरात पोचल्यावर ते लगेच काही खोलायचे नाहीत. आधी धूर बघायचे. काळा असेल तर डिझेल अर्धवट जळतंय, नोझल नाहीतर फिल्टर बघा. निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय, रिंगा गेल्या. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला की हेडच्या पॅकिंगचा संशय. मग मोठा पेचकस घ्यायचे, टोक बॅरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. "आधी आयक, मंग खोल," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आईच्या दम्याबद्दल डॉक्टरशी बोलतानासुद्धा त्यांनी हेच केलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि मगच विचारलं.

मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला हँडल मारायला शिकवलं. लिव्हर उचलायची, हँडल फिरवत वेग आणायचा, वेग आला की लिव्हर सोडायची. पण त्याआधी त्यांनी माझी मूठ धरून अंगठा बाहेर काढला. "अंगठा बोटायच्याच बाजूनं ठेव. इंजन उलटं फेकलं त अंगठा तोडते." गावातले चारजण बघत होते, पोरीच्या हातात हँडल कशाला, असं एकजण म्हणालाही. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

आज मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. दर वर्षी पहिल्या दिवशी पोरांना अंगठ्याचंच सांगते. चांगली पोरं आहेत, हात चालतात त्यांचे. पण लग्नाच्या बायोडाटात 'मेकॅनिक' लिहायला लाजतात. मला याचं फार वाईट वाटतं आणि फ्लेक्स बघून तेच वाटलं. बाबांचा गौरव करायचा तर त्यांच्या हातात बंदूक द्यावी लागते, पाना दिसलेला चालत नाही. अख्ख्या पंचक्रोशीचं ओलीत ज्या हातांनी चालू ठेवलं, त्या हातांचं फ्लेक्सवर काहीच नाही.

त्यांची उधारीची वही माझ्याकडे आहे. बहुतेक नावांपुढे लिहिलंय, 'चुकारा आल्यावर'. कापूस विकून चुकारा हाती पडला की लोक आठवणीनं यायचे, कुणी पैसे, कुणी पायलीभर तूर. वही भरली की बाकी नावं ते नव्या वहीत उतरवून घ्यायचे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. त्या हंगामातली नावं नव्या वहीत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "राहून गेलं असन." हिशेबात त्यांचं कधी काही राहून गेलेलं मी पाहिलं नाही.

फ्लेक्स लावणाऱ्या माझ्या भावांनो, नवीन बनवणार असाल तर फोटो मी देते. शेडसमोरचा आहे, खांद्यावर कळकट पंचा, हातात पाना. नावाखाली 'हवालदार, व्हेईकल मेकॅनिक' एवढं टाका. १९७१ च्या लढाईचं 'पूर्वी स्टार' मेडल ट्रंकेत आहे, पाहिजे असेल तर त्याचाही फोटो घ्या, ते त्यांनी कमावलेलं आहे.

शेडमध्ये तीन इंजिनं खोललेली पडली आहेत. दोघांच्या रिंगा आल्या आहेत, तिसऱ्याचं नोझल दिग्रसला टेस्टिंगला दिलंय. शनिवार-रविवारी मी गावी येणार आहे. ज्यांची आहेत त्यांनी रविवारी चारनंतर या, आणि येताना डिझेल गाळून आणा.