‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढे काय?

नमस्कार दादा,

आमदाराचं काम फोडलेल्या नारळांवर न मोजता त्यानं सभागृहात विचारलेल्या लेखी प्रश्नांवर मोजावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही बीड जिल्ह्यातल्या केजहून सविस्तर आणि रागावून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं, की लेखी प्रश्न म्हणजे कागदी घोडे. मंत्री ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळे होतात, काही आमदार तोडपाणीसाठीच, म्हणजे पैसे उकळून प्रश्न मिटवायलाच, प्रश्न टाकतात, आणि मराठवाड्याला जे मिळालं ते रस्त्यावर उतरूनच मिळालं.

तोडपाणी होतं, नाकारत नाही. दिल्लीतही झालं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांचं सदस्यत्व संसदेनं रद्द केलं. पण त्यासाठी कुणी पैसे मोजायला तयार होतं, यावरूनच प्रश्नाला वजन आहे हे कळतं. मग ते वजन आपल्या बाजूनं का वापरू नये?

तुमच्याच जिल्ह्यातलं बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे वस्तीवस्तीवर माहीत होतं. महिला संघटना ओरडून सांगत होत्या, पेपरात छापून येत होतं. २०१९ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी विषय काढला, तेव्हा त्या वेळचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना सांगावं लागलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा कुठल्या कार्यकर्त्याचा नव्हता, सरकारचा होता. त्यानंतर ‘या बाया वाढवून सांगतात’ असं म्हणायची कुणाची सोय राहिली नाही. गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, आणि खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. आजारपणामुळे फडात न गेलेल्या बाईच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, खाडा (गैरहजेरीचा दंड) कापला जातो, तोवर ते सुटणारही नाही. पण संघटनांनी रस्त्यावर जे पेरलं, ते सभागृहातल्या त्या एका उत्तरानं सरकारच्या दप्तरी आलं. तुम्ही दोन्ही एकमेकांच्या विरोधात उभं करता, तिथं माझा आक्षेप आहे. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन झालं नसतं तर अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीची, भाषा कुणी ऐकली नसती. पण दांडेकर समितीनं १९८४ मध्ये तो मोजला नसता, तर किती मागायचं हेही ठरलं नसतं.

आता नुसत्या लेखी उत्तराकडे येतो. जुलै २०२५ मध्ये सरकारनं विधान परिषदेत लेखी उत्तर दिलं, की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतली ३७३ प्रकरणं मदतीला पात्र, २०० अपात्र, १९४ ची चौकशी बाकी. बातम्या ७६७ वर थांबल्या. मला त्या २०० घरांचं पडलंय. पात्र ठरायला नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा यांचा पुरावा लागतो. आपल्याकडे कर्ज कुणाकडून काढलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बिनपरवाना सावकार चिठ्ठीसुद्धा देत नाही. विधवा बाई पुरावा आणणार कुठून? म्हणजे पुढचा प्रश्न त्या उत्तरातूनच निघतो: २०० पैकी किती प्रकरणं कर्जाचा पुरावा नाही म्हणून फेटाळली, आणि कोणत्या जिल्ह्यात किती? तो कुणीतरी विचारायला हवा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहायला हवा.

‘हे खरे नाही’ आणि खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’, या उत्तराची चीड मलाही येते. पण यातली बरीच उत्तरं प्रश्न ढिला असल्यामुळे मिळतात. ‘बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांना पीकविमा मिळाला नाही, हे खरे आहे काय?’ असं विचारलं, की चार जणांना जरी मिळाला असेल तरी ‘हे खरे नाही’ म्हणता येतं, आणि खालचे सगळे उपप्रश्न आपोआप गळून पडतात. त्याऐवजी असं विचारा: खरीप २०२४ मध्ये अमुक महसूल मंडळात पीक नुकसानीच्या किती पूर्वसूचना शेतकऱ्यांकडून विमा कंपनीकडे ७२ तासांच्या आत आल्या, किती नाकारल्या, कोणत्या कारणानं, पंचनामे कोणत्या तारखेला झाले? इथं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटका नाही. आकडा द्यावाच लागतो. तो खोटा निघाला, तर ज्याच्या खिशात पोचपावती आहे असा शेतकरी तो पकडू शकतो, आणि आमदार सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंगापर्यंत जाऊ शकतो. उत्तरात ‘कार्यवाही करू’ असं आलं, तर पाठपुराव्याला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

आमदाराला हे मुंबईत बसून सुचणार नाही. मंडळाचं नाव, तारीख, नाकारलेल्या अर्जांची संख्या गावातूनच जायला हवी. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या मंडळात विमा नाकारलेल्यांच्या पूर्वसूचनेच्या पोचपावत्या गोळा करा. नावं, गट नंबर इथं टाकू नका, फक्त किती आणि कोणत्या कारणानं नाकारल्या ते कळवा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, त्यामुळे मसुदा वेळेत तयार हवा. मी तुमच्यासोबत बसून तो लिहितो. तुमच्या आमदारांचा पक्ष कोणता, यानं मला फरक पडत नाही.